तीट

गिऱ्हाईकाला फिल्म पहिल्यांदा दाखवताना ती निर्दोष दाखवायची नाही, हा धाकटीच्या युनिटचा जुना नियम होता. निर्दोष काम बघितलं की गिऱ्हाईक अस्वस्थ होतं. आपण एवढी माणसं घेऊन आलो, थंडगार खोलीत बसलो आणि एकही चूक काढली नाही, तर वरच्यांना काय तोंड दाखवायचं, असं त्याला वाटायला लागतं. मग ते हात घालतं ते नेमकं तिथंच, जिथं तुमचा जीव अडकलेला असतो. म्हणून पहिल्या दाखवणीत मुद्दाम एक वाईट शॉट पेरून ठेवायचा. गिऱ्हाईक तो बरोबर पकडतं, 'हे काही बरं दिसत नाही हं' म्हणतं, दिग्दर्शिका मान खाली घालून 'खरंच की, आमच्या लक्षातच आलं नाही' म्हणते, आणि मग सगळे खुशीत बिस्किटं खातात. बाकीच्या फिल्मच्या केसालाही धक्का लागत नाही. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर ठिपका लावावा, तसा हा शॉट. युनिटमध्ये त्याला 'तीट' म्हणत.

धाकटी म्हणजे दिग्दर्शिका. तिचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं. पण एकदा सेटवर तिच्या थोरल्या भावाचा फोन आला, कुणीतरी तो चुकून स्पीकरवर टाकला आणि 'धाकटे, जेवलीस का गं' हे अख्ख्या युनिटनं ऐकलं. त्या दिवसापासून ती सगळ्यांची धाकटी झाली. वयानं तिच्याहून लहान असलेले लाइटवालेसुद्धा तिला धाकटीच म्हणत आणि ती ओ देई.

या खेपेचं गिऱ्हाईक मोठं होतं. विमा, पेन्शन, लोकांच्या बचतीची गुंतवणूक, सगळं एका छपराखाली करणारी कंपनी. त्यांना जाहिरात नको होती, ब्रँड फिल्म हवी होती. म्हणजे कंपनी काय विकते ते न सांगता कंपनी किती मायाळू आहे ते सांगणारी. मार्केटिंगच्या बाई पहिल्या बैठकीपासून 'सिनेमॅटिक' हा शब्द मिठासारखा प्रत्येक वाक्यात टाकत होत्या. कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात फिल्म मोठ्या पडद्यावर लागणार होती आणि नंतर थिएटरांतून फिरणार होती. हे काम जमलं तर या कंपनीच्या पुढच्या सगळ्या फिल्म धाकटीकडे येणार होत्या. बिनसलं तर युनिट मोडावं लागणार होतं. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळ्यांना कळत होतं. हल्ली सेटवर कुणी पगाराचा विषय काढत नसे, त्यावरून ते दिसतच होतं.

तिचा जीव अडकला होता एका पुलाच्या शॉटमध्ये. धुकं, लांबलचक पूल आणि त्यावरून सायकल शिकणारी मुलगी. मागे बाप धावतोय, आणि त्यानं सायकल केव्हा सोडली ते मुलीलाही कळत नाही, बघणाऱ्यालाही नाही. त्या धुक्यासाठी युनिटनं कितीतरी पहाटा थंडीत कुडकुडत काढल्या होत्या. हा शॉट वाचवायचा, एवढंच दाखवणीच्या दिवशी तिच्या डोक्यात होतं.

तीट शोधायचं काम संकलकाचं. त्याला सगळे कात्री म्हणत. फिल्म हातानं कापत होते त्या काळापासून तो या धंद्यात होता आणि बोलायलाही तसाच होता. दाखवणीला तास उरला असताना त्यानं धाकटीला संकलनाच्या खोलीत बोलावलं आणि म्हणाला, "सापडली. कॅमेऱ्याच्या टेस्टमधून काढली. एका बाजूला रंगांचा तक्ता दिसतोय, लाइटच्या स्टँडचा पाय दिसतोय, फोकस जातोय येतोय. माणूसही घरच्या टी-शर्टात बसलाय. यावर कुणीही बोट ठेवेल."

पडद्यावर दादा होता, तिचा थोरला भाऊ.

घरातला प्रसंग धाकटीनं दादाच्याच फ्लॅटमध्ये चित्रित केला होता, कारण ठरलेलं घर ऐनवेळी हातचं गेलं. आदल्या सुट्टीच्या दिवशी दिवे आणि लेन्स तपासायला ती आणि कॅमेरामन तिथं गेले होते. उजेड कसा पडतो ते बघायला कुणीतरी टेबलापाशी बसायला हवं, म्हणून दादाला बसवलं. कॅमेरामन खाली गाडीतून एक दिवा आणायला गेला आणि कॅमेरा चालूच राहिला. धाकटी आतल्या खोलीत छोट्या मॉनिटरसमोर होती. तिला वाटलं दादा कंटाळून उठेल. पण तो उठला नाही. खोलीत आपण एकटे आहोत असं वाटून त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला, दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले आणि मग हात खाली घेतले. सामान हलवल्यानंतर खोली दिसते तसा त्याचा चेहरा दिसत होता. बराच वेळ तो तसाच बसून राहिला. मग बशीवर चमचा वाजला. दादानं चटकन चष्मा चढवला, भुवया वर घेतल्या, ओठ दोन्हीकडे ओढले, आणि वहिनीचा हात चहाचा कप घेऊन चौकटीत आला तेव्हा तो छान हसत होता.

नंतर त्यानं धाकटीला जिन्यात गाठलं. "चालू होता ना तो?" त्यानं विचारलं आणि तिच्या तोंडाकडे बघून समजला. मग त्यानं सांगितलं. नोकरी जाऊन बरेच दिवस झाले होते. घरात कुणालाच माहीत नव्हतं. रोज सकाळी टाय बांधून, डबा घेऊन तो निघत होता आणि वाचनालयात जाऊन बसत होता. दुसरं काही मिळालं की मग सांगणार होता. "तेवढं ते पुसून टाक, धाकटे." ती म्हणाली, "पुसते."

पण धंद्यात काही पुसत नाहीत. फिल्म गिऱ्हाईकाच्या हातात पडेपर्यंत टेस्टसुद्धा जपून ठेवतात. नंतर पुसू, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि कामाच्या रगाड्यात ते राहून गेलं.

"आवडली नाही का तीट?" कात्रीनं विचारलं.

हा शॉट नको म्हणावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण का नको, ते सांगावं लागलं असतं. दुसरा शोधायला वेळही नव्हता. आणि तासाभरात हा कापलाच तर जाणार आहे, या जगात कुठल्या गिऱ्हाईकानं स्टँडचा पाय दिसणारा शॉट ठेवलाय? "चालेल," ती म्हणाली.

दाखवणीला मोठे साहेब स्वतः आले. ते येणार हे कुणी कळवलं नव्हतं. कंपनीचे सर्वेसर्वा, कमी बोलणारे, आणि त्यांच्या कमी बोलण्यामुळे बाकीच्यांना जास्त बोलावं लागे. ते मधल्या खुर्चीत बसले. दिवे मालवले. पूल आला, धुकं आलं, मुलगी आली, बाप मागे राहिला. साहेबांची मान हलली नाही. मग दादा आला. रंगीत तक्ता, स्टँडचा पाय, जाणारा-येणारा फोकस, सगळ्यासकट. धाकटीनं खुर्चीचा हात घट्ट धरला. पुढे काय काय आलं ते तिला आठवत नाही.

दिवे लागले. मार्केटिंगच्या बाईंनी आधी साहेबांकडे बघितलं, तिथं काही वाचता आलं नाही, तेव्हा धोका पत्करला. "सुंदरच आहे. फक्त मधला एक शॉट जरा..."

"तो परत लावा," साहेब म्हणाले.

कात्रीनं तो परत लावला. साहेबांनी तो पुरा बघितला आणि विचारलं, "कोण आहे हा नट?"

"नट नाही, सर. दिवे तपासायला बसवलेला माणूस आहे. तो शॉट चुकून राहिलाय. आत्ता काढतो."

"चुकून राहिला म्हणूनच खरा आहे." साहेब खुर्चीत पुढे सरकले. "आमच्या ऑफिसात येणारा प्रत्येक माणूस असाच येतो. दारात उभा राहून चेहरा नीट करतो आणि मग आत येतो. आम्ही जन्मभर तो नीट केलेलाच चेहरा बघतोय. बाकीचं सगळं काढा. हा पूलबिल एखाद्या साबणाला द्या. हा एकच शॉट ठेवा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि खाली आपलं नाव."

"मी तेच म्हणणार होते, सर," मार्केटिंगच्या बाई म्हणाल्या.

धाकटीनं पडद्याकडे बघितलं. पुलाचं तिला काहीच वाटलं नाही, याचं तिला नंतर नवल वाटलं. त्या क्षणी तिला एवढंच दिसत होतं की एक भलामोठा पडदा आहे आणि त्यावर दादाचा तो चेहरा आहे. त्याला ओळखणारं अख्खं जग खाली बसून विचारतंय, याला झालंय तरी काय?

तिनं हातपाय मारून बघितले. फोकस खराब आहे म्हणाली, साहेब म्हणाले राहू दे. त्या माणसाची लेखी संमती नाही म्हणाली, बाई म्हणाल्या मग घ्या. शेवटी तिनं तोच शॉट चांगल्या नटाकडून परत करवून घ्यायची परवानगी मिळवली. नट नाटकातला मुरलेला होता. त्यानं असं काही करून दाखवलं की कॅमेरामननं डोळे टिपले. साहेबांनी ते बघितलं आणि म्हणाले, "हा माणूस चमचा वाजायच्या आधीच हसायची तयारी करतोय." मग घड्याळ बघत पुढे म्हणाले, "तो पहिला मिळत असेल तर सांगा. नसेल तर आपण दुसऱ्या कुठल्या युनिटकडून नव्यानं करून घेऊ. मेळावा आठवड्यावर आलाय."

धाकटी वाचनालयात गेली. दादा शेवटच्या टेबलाशी होता, टाय नीट बांधलेला, बॅग पायाशी, समोर वर्तमानपत्र. ती समोर बसली तेव्हा त्यानं आधी चेहरा हसरा केला आणि मग तीच आहे हे बघून सोडून दिला. तिथं हळू आवाजातच बोलावं लागत होतं, तेच बरं होतं. तिनं सगळं सांगितलं. तीट काय असते, ती कशासाठी लावतात, साहेब काय म्हणाले, सगळं.

"तुला पुस म्हटलं होतं."

"धंद्यात पुसत नाहीत रे लगेच."

"मी तुझा धंदा नाही. भाऊ आहे."

धाकटीला रडू आलं. वाचनालयात रडायचं म्हणजे नाक ओढायचीही पंचाईत. पलीकडच्या म्हाताऱ्यानं वर्तमानपत्राआडून त्यांच्याकडे बघितलं आणि दादानं त्याला मान हलवून नमस्कार केला. इथं त्याच्या ओळखी झाल्या होत्या.

"मी त्यांना नाही म्हणून सांगते," ती म्हणाली. "विचारायलाही यायला नको होतं मी."

"आणि तुझ्या युनिटचं काय?"

दादा बराच वेळ टायचं टोक बोटांत फिरवत राहिला. लहानपणी तिची गणितं अडली की तो असाच गप्प होई आणि मग त्याला काहीतरी सुचे. आताही सुचलं.

"मी अभिनय केला असं सांगू," तो म्हणाला. "घरी सांगतो, धाकटीनं मला नट केलं. एक दुःखी माणूस कर म्हणाली, मी करून दाखवला. कुणाला काय कळणार आहे? उलट कौतुकच होईल." बोलता बोलता त्याचा आवाज चढला, म्हाताऱ्यानं परत बघितलं. "खरंच, त्यात मी बरा आहे का गं?"

"साहेब म्हणतात, तुझ्यासारखं कुणालाच जमलं नाही."

"बघ." तो चक्क लाजला. किती दिवसांनी कुणीतरी त्याचं काम चांगलं झालं म्हणत होतं. तिनं फोनवर शॉट दाखवू का विचारलं, तर नको म्हणाला, एकदम मोठ्या पडद्यावरच बघेन. संमतीच्या कागदावर त्यानं झोकदार सही केली. धाकटीच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते इतक्या सहज उतरलं याची तिला लाजही वाटली.

रात्री जेवताना दादानं घरी जाहीर करून टाकलं. भाची हसून हसून लोळली. वहिनी वाढत होती, तिचा हात थांबला. "कुठला तो? टेस्टच्या दिवशी मी चहा आणला तो?"

"तोच," दादा म्हणाला. "तुझा हातही आहे त्यात."

"मग मी येणार बघायला," वहिनी म्हणाली. दिवे मालवले की तिला झोप लागते म्हणून ती कधी थिएटरात जात नसे. दादानं तिची थट्टा केली. धाकटीचा जीव भांड्यात पडला होता. तिनं दोनदा भात मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कात्रीनं तिला फिल्मचे रंग जुळवतात त्या रंगसंस्काराच्या खोलीत बोलावलं. तिथं चांगला भिंतभर पडदा होता. स्टँडचा पाय आणि तक्ता त्यानं सफाईनं पुसून टाकले होते. "सगळं झालं," तो म्हणाला, "फक्त हे काय करायचं ते सांग." त्यानं दादाच्या मागच्या काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं. काचेत काळसर असं काहीतरी होतं. कात्रीनं उजेड थोडा वाढवला.

काचेत दरवाजा दिसत होता. अर्धवट लोटलेल्या दारात वहिनी उभी होती. हातात कप आणि बशी.

कात्रीनं शॉट सुरुवातीपासून लावला. दादा चष्मा काढतो तेव्हा ती पॅसेजमधून येते. त्याला बघते आणि थबकते. तो डोळ्यांवर हात दाबतो, ती उभी. तो हात खाली घेतो आणि तसाच बसून राहतो, आणि तीही उभी राहते, चहावर साय धरेपर्यंत. एकदा ती पुढे पाऊल टाकते आणि मागे घेते. मग नजर भिंतीकडे वळवते, चमचा उचलते आणि बशीवर वाजवते. दादा चष्मा चढवतो. त्याचं हसू पुरतं जमेपर्यंत ती थांबते, आणि मगच आत येते.

धाकटीनं हा शॉट इतक्या वेळा बघितला होता आणि सगळा वेळ फक्त दादाकडे बघितलं होतं. छोट्या मॉनिटरवर ती काच नुसती काळी दिसायची.

"तुझी वहिनी ना ही?" कात्रीनं विचारलं. तेव्हा धाकटीनं त्याला सगळं सांगून टाकलं. नोकरीचं, वाचनालयाचं, अभिनयाचं.

"म्हणजे हिला माहीत आहे," कात्री म्हणाला, "आणि हिला माहीत आहे हे त्याला माहीत नाही."

"आणि मेळाव्यात तो पहिल्या रांगेत बसणार आहे. शेजारी ती. केवढ्या मोठ्या पडद्यावर बघणार आहे तो हे, एवढ्या लोकांत." धाकटीनं पडद्यावरच्या काचेकडे बोट दाखवलं. "पुसून टाक तिला."

कात्रीनं तिच्याकडे वळून बघितलं. "धाकटे, नीट विचार कर. साहेबांना वाटतंय शॉट त्याचा आहे. शॉट हिचा आहे."

"माझ्या दादाला चारचौघांत कळायला नको. घरात त्यांचं ते बघतील. पुस."

"तू म्हणतेस म्हणून पुसतो," तो म्हणाला. संध्याकाळपर्यंत काच स्वच्छ झाली. दरवाजा राहिला, दारातलं माणूस गेलं. चमच्याचा आवाज तेवढा राहिला, कारण साहेबांना तो फार आवडला होता.

मेळाव्याचं सभागृह भरलं होतं. दादानं लग्नातला कोट घातला होता. वहिनी त्याच्या शेजारी ताठ बसली होती, पदर हातात घट्ट धरून. धाकटी त्यांच्या मागच्या रांगेत, कात्रीच्या बाजूला. भाषणं झाली, आकडे झाले, टाळ्या झाल्या. मग अंधार झाला आणि दादाचा चेहरा दुमजली घराएवढा होऊन पडद्यावर आला.

धाकटी पडद्याकडे बघत नव्हती, ती पुढच्या दोन डोक्यांकडे बघत होती. दादाचं डोकं अजिबात हललं नाही. वहिनी मात्र हळूहळू पुढे झुकत गेली. ती पडद्यावरच्या कोपऱ्यात काहीतरी शोधत होती. चमचा वाजला तेव्हा ती खुर्चीच्या अगदी कडेवर आली होती. कप आला, हसू आलं, कंपनीचं नाव आलं आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. वहिनी मागे टेकली. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

बाहेरच्या दालनात दादाभोवती गर्दी जमली. मोठ्या साहेबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "कुठल्या नाटक कंपनीत असता?" कुणीतरी विचारलं, आणि दादा म्हणाला, "नाही हो, मी नोकरदार माणूस." आजवर इतकं सफाईदार खोटं त्याला जमलं नव्हतं. धाकटीला हायसं वाटलं. सगळं पार पडलं होतं. मार्केटिंगच्या बाई पुढच्या फिल्मविषयी बोलायला तिच्याकडे येत होत्या. तेवढ्यात वहिनीनं तिचं मनगट धरलं आणि तिला खांबाआड नेलं.

"मला काढलंस ना गं त्यातून?"

धाकटीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"कपाटाच्या काचेत मी होते. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता, मला त्याच काचेत दिसत होता. म्हणून तर दारातून हलले नाही त्या दिवशी."

"वहिनी, मला वाटलं, तुम्हा दोघांचं घरातलं आहे. चारचौघांत..."

"घरातलं घरात बोलता आलं असतं तर बोलले नसते का?" वहिनीचा आवाज चढला नाही, पण मनगटावरची बोटं रुतली. "रोज डबा भरताना वाटतं, आज सांगू. आणि रोज त्यांना आरशासमोर टाय बांधताना बघते आणि जीभ उचलत नाही. त्यांनी मला दारात उभी असलेली नुसतं बघितलं असतं तरी पुरे होतं. काही बोलावं लागलं नसतं, त्यांनाही आणि मलाही. तुझी फिल्म आहे म्हटल्यावर वाटलं, सुटले मी. आठवडाभर आज काय होईल म्हणून झोपले नाही. आणि तू काच पुसून ठेवलीस."

आपण दादाला वाचवलं असं धाकटीला वाटत होतं. तिनं त्याला त्या टेबलाशी परत एकटं बसवलं होतं, आणि या वेळी अख्ख्या गावासमोर.

पलीकडे कंपनीचा फोटोग्राफर दादाला आणि साहेबांना भिंतीपाशी उभं करत होता. "सर, फिल्ममधला तो चेहरा द्या ना," तो दादाला म्हणाला, "हसायच्या आधीचा." लोक हसले. दादानं चष्मा काढला, डोळे बारीक केले, गाल पाडले. ते फारच वाईट जमलं. लोक आणखी हसले, दादाही हसला. "आता नाही येत हो," तो म्हणाला.

वहिनीनं धाकटीचं मनगट सोडलं आणि सरळ त्या घोळक्यात गेली. लोक बाजूला झाले, त्यांना वाटलं कौतुक करायला आलीय. धाकटी तिच्या मागोमाग गेली.

"अहो," वहिनी म्हणाली, "तुमच्या ऑफिसातून एक खोका आला होता घरी. तुमच्या टेबलावरच्या वस्तूंचा. मी माळ्यावर ठेवलाय."

दादा हसत होता तो हसतच राहिला. "केव्हा आला?"

"तुमचं ऑफिस सुटलं त्याच आठवड्यात. तुम्ही टाय बांधून गेला होतात."

साहेब एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिले. त्यांना काही कळलं नाही. दादानं चष्मा चढवायला हात वर नेला, पण तो मध्येच राहिला. ओठ एकदा ओढले गेले, परत सैल पडले, आणि पुन्हा ओढायला त्याच्यात बळ उरलं नाही. वहिनी त्याच्या अगदी समोर उभी होती आणि या वेळी तिनं भिंतीकडे बघितलं नाही. "डबा सगळा संपवत होतात ना तरी?" तिनं विचारलं, आणि दादाचा चेहरा पार ढासळला.

"वा," फोटोग्राफर हळूच म्हणाला आणि त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला.

धंद्यात लेन्सला कुणी बोट लावत नाही, चुकूनही नाही. धाकटीनं पुढे होऊन फोटोग्राफरच्या लेन्सवर अख्खा तळहात टेकवला. फोटोग्राफर काहीतरी ओरडत होता, मार्केटिंगच्या बाई तिला दंडाला धरून मागे ओढत होत्या. दादाचं रडून होईपर्यंत तिनं हात काढला नाही.